घरातलं छोटं आयसीयू : श्वासासाठी मशीनवर असलेल्या मुलाची देखभाल

‘बाळ व्हेंटिलेटरवर आहे’ असं कुणी फोनवर सांगितलं की आपल्याकडे समोरचा माणूस गप्प होतो. दादी तस्बीह हातात घेते, कुणी यासीन शरीफ पढायला बसतं. कारण आपल्या डोक्यात व्हेंटिलेटर म्हणजे शेवटची पायरी. बहुतेकांनी ते मशीन आयसीयूच्या काचेतूनच पाहिलेलं असतं, आणि त्या आठवणी चांगल्या नसतात.

पण काही मुलं अशी आहेत की त्यांच्यासाठी हे मशीन म्हणजे अधू डोळ्यांना चष्मा, तसं आहे. ती घरी राहतात, कार्टून पाहतात, भावाशी भांडतात, अलिफ-बे शिकतात, आणि रात्री, काही जण दिवसाही, मशीनच्या मदतीने श्वास घेतात. हे महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षं चालतं. डॉक्टर याला दीर्घकालीन श्वसन-आधार म्हणतात. आजार बरा होईपर्यंत तात्पुरतं लावलेलं मशीन वेगळं आणि हे वेगळं, ही गोष्ट आधी नातेवाइकांना समजावून सांगावी लागते, नाहीतर भेटायला येणारा प्रत्येक जण मुलासमोरच रडायला लागतो.

अशी वेळ कुणावर येते? मणक्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्या मरत जाण्याचा आजार, म्हणजे एसएमए, स्नायूच हळूहळू कमजोर होण्याचे डुशेनसारखे आजार, मानेच्या वरच्या भागात मणक्याला झालेली इजा, खूप आधी जन्मलेल्या बाळांची अर्धवट वाढलेली फुफ्फुसं, श्वासनलिका मऊ असल्यामुळे ती मिटून जाणं. एक दुर्मीळ प्रकार असाही आहे की जागेपणी मूल ठीक असतं, पण झोपलं की मेंदू श्वास घ्यायला विसरतो. कारणं वेगळी, त्यामुळे पुढचा रस्ताही वेगळा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं वाढतात आणि अशी बरीच मुलं पुढे मशीनमधून सुटतात. स्नायूंच्या आजारात तसं होईलच असं नाही. म्हणून डॉक्टरांना पहिला सवाल हाच विचारायचा : हे किती काळासाठी आहे आणि कशावरून ठरणार?

थोडं मागे जाऊन सांगतो. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी तेव्हा लोखंडी पिंपासारखी मशीनं होती, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. ब्योर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि हाताने रबरी पिशवी दाबून तिच्या फुफ्फुसात हवा भरली. ती वाचली. मग शहरातले शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, एकेका रुग्णाच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून झाली असं मानलं जातं. म्हणजे आज मशीन जे काम करतं ते आधी जागरण करणाऱ्या माणसांनी केलं होतं. मशीन आलं, तरी जागणाऱ्या माणसाची गरज गेलेली नाही. हा लेख खरं तर त्या जागणाऱ्या माणसासाठी आहे.

ऑक्सिजन वेगळा, श्वास वेगळा

कोविडच्या काळात आपल्याकडे अनेक जमातींनी, संस्थांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. त्यातले बरेच अजून मशिदीच्या किंवा ऑफिसच्या कपाटात आहेत. एखाद्या मुलाला श्वासाचा त्रास आहे कळलं की कुणीतरी चांगल्या भावनेने ते मशीन उचलून आणून देतं. इथे सांभाळायला हवं.

श्वासाची दोन कामं आहेत. ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. फुफ्फुस खराब असेल तर ऑक्सिजनची गरज पडते. पण ज्या मुलाची फुफ्फुसं बरी आहेत आणि छातीचे स्नायूच थकलेत, त्याची अडचण हवा आत-बाहेर हलवण्याची आहे. अशा मुलाला नुसता ऑक्सिजन लावला तर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा छान दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि आतल्या आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मूल सकाळी डोकं दुखतंय म्हणतं, रात्री घामाने भिजतं, दिवसा पेंगतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. पुढे बेशुद्धही होऊ शकतं. या मुलाला हवी असते हवा ढकलणारी मशीन, म्हणजे बायपॅप किंवा व्हेंटिलेटर. काही मुलांना दोन्ही लागतं, ते डॉक्टर ठरवतील. स्नायूंच्या आजाराच्या मुलाला डॉक्टरांना न विचारता घरी ऑक्सिजन सुरू करू नका, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा.

बायपॅप नाकावर किंवा नाक-तोंडावर मास्क लावून चालतं. ऑपरेशन नाही, गळ्याला छेद नाही. नुसत्या रात्रीच्या गरजेसाठी ते पुष्कळदा पुरतं. त्याची कटकट म्हणजे मास्क. घट्ट बांधला तर नाकाच्या दांड्यावर जखम होते, सैल सोडला तर हवा डोळ्यात जाते. दोन वेगवेगळ्या आकाराचे मास्क आलटून पालटून वापरले तर एकाच जागी दाब येत नाही. रोज सकाळी मास्क काढला की कातडी लाल आहे का आणि ती लाली थोड्या वेळाने जाते का, ते पाहायचं. जात नसेल तर जखम यायच्या आतच दवाखान्यात दाखवा.

ज्यांना दिवसाचे बरेच तास मशीन लागतं, गिळता येत नाही, किंवा वरची वाटच अरुंद आहे, त्यांना गळ्यात ट्यूब बसवतात. त्याला ट्रेकिओस्टॉमी म्हणतात, नर्स लोक नुसतं ‘ट्रेकी’ म्हणतात. यापुढे आम्ही मुख्यतः ट्रेकी असलेल्या मुलांबद्दलच लिहितो आहोत, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते.

ज्याचं रडणं ऐकू येत नाही

ट्रेकीमुळे हवा आवाजाच्या पेटीच्या खालूनच आत-बाहेर होते. म्हणून लहान बाळ रडलं तरी आवाज येत नाही. चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, तोंड उघडतं, पण आवाज नाही. आई स्वयंपाकघरात असेल तर तिला कळणार कसं? म्हणून अशा मुलाला एकटं खोलीत ठेवता येत नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. थोडी मोठी मुलं टिचकी वाजवायला, खुळखुळा हलवायला, घंटी दाबायला शिकतात. पुढे डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली तर बोलण्याचा व्हॉल्व्ह लावून काही मुलं छान बोलतात. फक्त एक : ट्यूबला आतून फुगा असेल आणि तो फुगवलेला असेल तर बोलण्याचा व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही. हवा आत जाईल, बाहेर यायला वाटच राहणार नाही.

दुसरं, नाकाचं काम बंद पडतं. नाक हवा गरम करतं, ओली करतं, गाळतं. ट्यूबमधून हवा थेट फुफ्फुसात जाते. ती कोरडी असेल तर बेडका सुकून ट्यूबमध्ये गुठळी बसते. म्हणून एकतर मशीनला गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावतात किंवा ट्यूबच्या तोंडावर छोटा फिल्टर लावतात, ज्याला कृत्रिम नाक म्हणतात. दोन्ही एकाच वेळी लावायचे नाहीत, कारण फिल्टर पाण्याने भिजून बंद होतो. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड किंवा दवाखान्याने सांगितलेलंच पाणी घालायचं, नळाचं नाही.

तिसरं म्हणजे सक्शन. हेच काम दिवसरात्र चालतं. मुलाला जोरात खोकता येत नाही, म्हणून बेडका पातळ नळीने ओढून काढावा लागतो. कधी करायचं? घड्याळ बघून नाही, मूल बघून. ट्यूबमधून खुळखुळ आवाज येतोय, श्वास जोरात चाललाय, मूल बेचैन आहे, आकडा उतरतोय, मशीनचा प्रेशरचा अलार्म वाजतोय, तर करायचं. सकाळी उठल्यावर आणि दूध द्यायच्या आधी बहुतेकांना लागतंच. गरज नसताना वारंवार केलं तर आतली नाजूक त्वचा सोलते आणि रक्त येतं.

नळीचा नंबर ट्यूबच्या मापाच्या साधारण दुप्पट असतो : ४ ची ट्यूब असेल तर ८ नंबरची नळी. त्याहून जाड नको. किती आत घालायची तेही ठरलेलं असतं. नवी ट्यूब हातात घेऊन तिच्या टोकापर्यंत नळी घालून बघायची, तेवढ्या लांबीवर खूण करायची, आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवायचा. नळी अडेपर्यंत आत ढकलायची नाही. लहान मुलांना मशीनचा दाब साधारण ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान ठेवतात, तुमच्या मुलाचा नेमका आकडा डॉक्टर लिहून देतील. नळी आत घालून बाहेर काढणं ५ ते १० सेकंदांत आटोपायचं. जुन्या नर्सेस शिकवतात की सक्शन करताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला दम लागला म्हणजे मुलाला केव्हाच लागला. आम्हाला हा नियम कुठल्याही घड्याळापेक्षा बरा वाटतो. प्रत्येक वेळी थोडं थोडं सलाईन आत टाकायची सवय काही ठिकाणी दिसते, पण रोजच्या रोज त्याची गरज नसते. बेडका घट्ट होतोय म्हणजे हवेत ओलावा कमी पडतोय किंवा मुलाला पाणी कमी पडतंय, ते आधी तपासा. बेडक्याचा रंग हिरवा-पिवळा झाला, वास यायला लागला, रक्त दिसलं किंवा ताप आला तर फोन करायचा.

ट्यूब बदलणं आठवड्याला किंवा डॉक्टर सांगतील तसं. ऑपरेशननंतरची पहिली ट्यूब सर्जनच बदलतात, त्यानंतर घरच्यांना शिकवतात. हे काम नेहमी दोघांनी करायचं, पोट रिकामं असताना, खांद्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून. एकाने जुनी काढायची, दुसऱ्याने लगेच नवी घालायची. पहिल्यांदा सगळ्यांचे हात थरथरतात. दहाव्यांदा फुफी गप्पा मारत मारत मदत करते, हे आम्ही अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. गळ्याची पट्टी इतकी घट्ट की तिच्याखाली एक बोट जाईल, दोन नाही. सैल पट्टी जास्त धोक्याची, कारण ट्यूब निसटून येते.

ट्यूब बंद पडली किंवा निसटली तर

हा भाग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दोनदा वाचावा. मात्र वाचून हे जमत नाही. दवाखान्यात बाहुलीवर हात बसेपर्यंत करून घ्या.

मूल निळं पडलं, तडफडायला लागलं, आकडा घसरला, तर मशीनचे आकडे वाचत बसायचं नाही, मुलाकडे बघायचं. मशीनची नळी काढून अंबू बॅग ट्यूबला लावा आणि दाबा. छाती वर येतेय, मूल सुधारतंय? म्हणजे गडबड मशीनमध्ये किंवा नळ्यांमध्ये आहे. बॅग देत राहा आणि दुसऱ्याला मशीन बघू द्या. छाती वर येत नाही? सक्शन करा. सक्शनची नळी आत जातच नाही? ट्यूब बंद झाली आहे, ताबडतोब बदला. लोक इथे वेळ वाया घालवतात, पुन्हा पुन्हा सक्शन करत, सलाईन टाकत. नळी जात नसेल तर ट्यूब काढायची, संपलं. नवी जात नसेल तर एक नंबर लहान घाला. तीही जात नसेल तर गळ्याचं छिद्र बोटाने झाकून तोंड-नाकावर मास्क लावून बॅग द्या. काही मुलांची वरची वाटच बंद असते, त्यांना तोंडातून हवा जात नाही, गळ्याच्या छिद्रावरच छोटा मास्क लावावा लागतो. आपलं मूल कुठल्या प्रकारचं आहे हे डिस्चार्जच्या आधी विचारून पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लिहून लावा. नव्या नर्सला, १०८ वर आलेल्या डॉक्टरला ते एका नजरेत कळलं पाहिजे. १०८ ला फोन दुसऱ्या माणसाने सुरुवातीलाच करायचा, शेवटी नाही.

यासाठी एक पिशवी कायम भरलेली हवी : त्याच मापाची ट्यूब, एक नंबर लहान ट्यूब, पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, सक्शनच्या नळ्या, बॅटरीवर चालणारं सक्शन, अंबू बॅग आणि मास्क, ट्यूबला लावायची जेली, फिल्टर. मूल जिथे जाईल तिथे पिशवी जाते. आंघोळीला गेलं तर बाथरूमच्या दारात, शेजारी गेलं तरी बरोबर. पिशवीतलं काही वापरलं तर झोपायच्या आधी पुन्हा भरायचं.

लोबान, तावीज, झमझम

काही गोष्टी दवाखान्यात कुणी सांगत नाही, कारण त्यांना आपल्या घरांची माहिती नसते. जुमेरातला संध्याकाळी लोबान फिरवायची पद्धत अनेक घरांत आहे. ट्रेकीच्या मुलाच्या घरात लोबान, अगरबत्ती, मच्छरची कॉइल, बिडी-सिगारेट, काहीच नको. धूर गाळायला नाक नाही, तो सरळ आत जातो. घरात ऑक्सिजन चालू असेल तर धुराशिवाय आगीचा धोका वेगळाच. अत्तराचा, बॉडी स्प्रेचा फवारा त्या खोलीत मारायचा नाही. टाल्कम पावडरही नको. बकरी ईदला अंगणात चूल आणि धूर असेल तर मुलाची खोली त्या बाजूची नको, इतकं आधी ठरवता येतं.

गळ्यात तावीज, काळा दोरा, साखळी घालू नका. दोरा ट्यूबमध्ये अडकतो, पट्टीखाली ओला राहून कातडी खराब करतो. ज्यांना ठेवायचंच आहे त्यांनी मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावं.

सगळ्यात नाजूक गोष्ट झमझमची किंवा दम केलेल्या पाण्याची. हजहून आलेले मामू मुलाच्या तोंडात दोन थेंब घालतात, आई नाही म्हणू शकत नाही. पण यातल्या पुष्कळ मुलांचं गिळणं बिघडलेलं असतं. ते दोन थेंब पोटात न जाता श्वासनलिकेत जाऊ शकतात आणि चार दिवसांनी निमोनिया होतो. म्हणूनच तर त्यांना नाकातल्या किंवा पोटाच्या नळीने दूध देतात. मध, घुट्टी, खजुराचा तुकडा, सगळ्याला हाच नियम. पाणी कपाळावर, हातांवर लावा, मुलाला दुआ मिळाली. दम करणाऱ्याने तोंड मुलाच्या गळ्याजवळ न आणता थोडं लांबून करावं, आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी येऊच नये. पाहुण्यांनी आधी साबणाने हात धुवायचे, मुलाचे पापे घ्यायचे नाहीत. अम्मीला हे सांगताना जीभ जड होते, म्हणून अब्बांनी दारावर कागद लावावा आणि सांगायचं काम स्वतःकडे घ्यावं. घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी का, ते डॉक्टरांना विचारा. मुलाच्या बाकीच्या लसी वेळेवर झाल्याच पाहिजेत.

आंघोळ घालता येते. टबमध्ये थोडंच पाणी, मूल आडवं न ठेवता टेकवून, आणि गळ्यापाशी पाणी उडणार नाही असं. डोकं धुताना एकाने गळ्याकडेच बघायचं.

लाइट गेली तर

मशीनची स्वतःची बॅटरी काही तास चालते, किती तास ते मशीनवर आणि बॅटरीच्या वयावर आहे. नवीन असताना चार तास चालणारी बॅटरी दोन वर्षांनी तेवढी चालेलच असं धरू नका. मूल मशीनवर नसताना महिन्यातून एकदा तपासा. इन्व्हर्टर घेताना दुकानदाराला व्हेंटिलेटर, सक्शन आणि कॉन्सन्ट्रेटर या तिघांचे वॅट दाखवा, पंखा-लाइटच्या हिशोबाने घेतलेला पुरणार नाही. ह्युमिडिफायरचा हीटर भरपूर वीज खातो, म्हणून लाइट गेली की तो बंद करून कृत्रिम नाक लावायचं. पायाने चालणारं सक्शन मिळतं, गावाकडे ते घेऊन ठेवा. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज देऊन घरात जीवनरक्षक मशीन आहे हे कळवून ठेवलं तर दुरुस्तीसाठी वीज बंद करायच्या आधी विचारपूस तरी करता येते. आणि सगळं बंद पडलं तरी अंबू बॅगला वीज लागत नाही.

रात्री जागणार कोण

अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली घरच्या व्हेंटिलेटरवरच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत : मुलाजवळ कायम एक शिकलेला आणि जागा माणूस हवा, आणि घरातल्या किमान दोघांना सगळं काम यायला हवं. जागा, म्हणजे शेजारी झोपलेला नव्हे.

आपल्याकडे हे दोन्ही माणूस एकच असतात, अम्मी. दिवसा घरकाम, रात्री सक्शन. महिन्याभरात तिची अवस्था अशी होते की अलार्म वाजला तरी तिला ऐकू येत नाही. यात तिचा दोष शून्य. न झोपलेला मेंदू तसाच वागतो. ट्रक ड्रायव्हरला सलग तीन रात्री गाडी चालवायला लावली तर आपण मालकाला शिव्या देऊ, आणि इथे सासू म्हणते, ‘आई आहे, करणारच.’ आम्हाला हे मान्य नाही. अब्बांना, चाचांना, मोठ्या बहिणीला, कॉलेजात जाणाऱ्या भावालाही सक्शन आलं पाहिजे. रमजानमध्ये तर सोय आपोआप होते, सहरीला घर जागंच असतं. ज्याने तरावीहनंतर झोप काढली त्याने सहरीपासून सकाळपर्यंत ड्यूटी घ्यावी. बाकीच्या अकरा महिन्यांतही अशीच वाटणी कागदावर लिहा.

नर्स ठेवणं परवडत असेल तर आधी हे समजून घ्या की ब्युरोकडून येणारी प्रत्येक मुलगी नर्स नसते. एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग ही शिक्षणं झालेली असतात, आणि ‘अटेंडंट’ किंवा ‘केअरटेकर’ म्हणून येणारी व्यक्ती अंग पुसायला, कूस बदलायला चांगली असली तरी ट्रेकी सांभाळायला शिकलेली असेलच असं नाही. रजिस्ट्रेशन विचारा. लहान मुलांच्या ट्रेकीचं काम कुठल्या वॉर्डात, किती दिवस केलं विचारा. पहिले दोन-तीन दिवस घरच्या शिकलेल्या माणसासमोर तिला काम करू द्या, ट्यूब निघाली तर काय करशील हे तोंडी सांगायला लावा. जी चिडते तिच्यापेक्षा जी थांबून विचार करून सांगते ती बरी.

रात्री परकी व्यक्ती घरात असण्याची अडचण खरी आहे. एका खोलीचं घर, पडद्याचा सवाल, पुरुष नर्स असेल तर आणखी. हे आधीच ब्युरोला मोकळेपणाने सांगा, रात्रीची नर्स बाई हवी म्हणा. आणि तिला नर्सच समजा. भांडी, कपडे, पाहुण्यांचा चहा तिचं काम नाही. तिचं काम जागं राहणं आहे. तिला बसायला खुर्ची, प्यायला चहा, रात्रीचं जेवण आणि एक वही द्या. वहीत वेळ, सक्शन किती वेळा, बेडका कसा, दूध किती, अलार्म कुठला. सकाळी ती वही वाचूनच ड्यूटी हातात घ्यायची. जास्त काही लिहायला नको, पण रोज लिहायला हवं.

नर्स परवडत नाही अशी घरंच जास्त. त्यांनी डिस्चार्जची घाई करू नये. दोन माणसांनी वॉर्डात राहून पूर्ण एक-दोन दिवस, रात्र धरून, सगळं काम स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही, असं तुम्हीच डॉक्टरांना सांगा. वॉर्डातल्या सिस्टरना गर्दीतून वेळ काढणं कठीण असतं हे खरं. तरी त्याच शिकवणार आहेत. त्यांच्या मागे लागा, परवानगी घेऊन मोबाइलवर त्यांचे हात शूट करून ठेवा.

हे ‘बहूमुळे’ झालं का?

ही कुजबुज फार घरांत चालते, म्हणून लिहितो. एसएमए हा आजार मुलाला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला जीन मिळाला तरच होतो. दोघंही स्वतः पूर्ण तंदुरुस्त असतात. त्यामुळे एकट्या सुनेला बोल लावणं वैद्यकीयदृष्ट्याच चूक आहे. खाला-मामूच्या घरात नातं झालं असेल तर दोघांकडे तोच जीन असण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नातही हा आजार होतो. एक मूल असं झालं असेल तर पुढच्या प्रत्येक वेळी २५ टक्के शक्यता राहते. पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच जेनेटिक तज्ज्ञांना भेटा, तपासण्या आहेत. डुशेनची रीत वेगळी आहे, तो आईकडून येऊ शकतो आणि कित्येकदा मुलात नव्यानेही निर्माण होतो. तिथेही कुणी काही ‘केलेलं’ नसतं.

एसएमएवर आता औषधं आहेत. कोटींच्या इंजेक्शनसाठी चंदा जमवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. औषध आजार पुढे सरकणं मंदावतं किंवा थांबवतं, पण गेलेल्या पेशी परत आणत नाही. त्यामुळे इंजेक्शन मिळाल्यावरही बऱ्याच मुलांना रात्रीचं मशीन, फिजिओथेरपी आणि देखभाल लागते. बातमी इंजेक्शनपाशी संपते, घरचं काम नाही.

पैशाचं काय

महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरच्या मशीनचा आणि नळ्यांचा खर्च तिच्यातून निघेल अशा भरवशावर राहू नका. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. ती मुख्यतः औषधोपचारासाठी आहे. सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा १ लाखापर्यंतचा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढा, पुढची बरीच दारं त्यानेच उघडतात. घरी बसून शिक्षणाची सोय मागतानाही तेच लागतं. मोठ्या दवाखान्यात मेडिकल सोशल वर्कर असतात, ट्रस्टच्या मदतीचे फॉर्म त्यांच्याकडे मिळतात.

जमातींना एक सांगणं. मशीन एकदा घेऊन देणं सोपं, पण खर्च दर महिन्याचा आहे : सक्शनच्या नळ्या, फिल्टर, ट्यूब, पट्ट्या. एका घराला हे सामान महिन्याला पोचवायची जबाबदारी चार जणांनी घेतली तर मोठ्या चेकपेक्षा जास्त उपयोग होतो. जकातीतून मशीन घेऊन ते फिरतं ठेवायचा विचार असेल तर आधी आपल्या मुफ्तींना विचारा, कारण जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते असं अनेक उलेमा सांगतात. उसने द्यायच्या मशीनसाठी सदका किंवा इमदादीचा पैसा सोयीचा पडतो. आणि एका घरून परत आलेलं मशीन पुसून तसंच दुसऱ्या घरी पाठवू नका. नळ्या, मास्क, फिल्टर प्रत्येक मुलाला नवे लागतात, मशीनची सर्व्हिसिंग कंपनीच्या माणसाकडून करून घ्यावी लागते, आणि सेटिंग त्या मुलाच्या डॉक्टरांनीच भरायचं असतं.